चौथा खण

आमच्या घराचा मागचा भाग पडला तेव्हा घरात कोणी नव्हतं, हे गावातले लोक फार कौतुकानं सांगत. देवाची कृपा म्हणत. मीही काही वर्षं तसंच म्हणत होतो. आता म्हणवत नाही. त्या पडझडीत माणूस दगावलं नाही हे खरं, पण त्यानंतर घर उभं करताना आम्ही जे केलं त्याला देवाचं नाव देण्यात अर्थ नाही. ते आम्ही केलं. त्यातलं निम्मं तर मीच केलं.

आमचं गाव वाशीमहून केनवडकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. घर धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छत. चार खणांचं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. आमच्याकडे घर हातांनी किंवा फुटांनी कोणी मोजत नसे. किती खणांचं, एवढंच विचारत, आणि सोयरीक करायला आलेले पाहुणेही आधी वर बघून खण मोजून घेत. आमचा पहिला खण बैठकीचा, दुसरा माजघराचा, तिसरा स्वयंपाकाचा. चौथ्यात धान्याच्या कोठ्या होत्या आणि माझी थोरली बहीण होती.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. तिला मंगरूळच्या बाजूला दिली होती. तीन वर्षांत नवरा तापानं गेला, आणि सासरच्यांनी तिला एक पत्र्याची पेटी देऊन आमच्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून ती कोठ्यांच्या खणात राहत होती. जागा म्हणावी तर दोन कोठ्यांमध्ये एक वाकळ पसरण्याएवढीच. पण भिंतीत एक दिवळी होती, वर हातभर झरोका होता, आणि दाराला आतून कडी होती. ती कडी घरातल्या दुसऱ्या कोणत्याच खणाला नव्हती. बाई दुपारी काम आवरलं की आत जाऊन कडी लावून घेई. काय करी ते आम्हाला कधी कळलं नाही. मायला ते आवडत नसे. "कडी लावून बसाले काय झालं हिले?" असं ती बाहेरून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणे. बाई कडी काढत नसे.

धाब्याच्या घराचं एक आहे. छत गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात गावच्या पडक्या गढीवरची पांढरी माती गाड्या भरभरून आणायची आणि छतावर टाकायची. ही माती खारी, पाणी धरत नाही. नवी माती टाकताना खालची जुनी खरवडून काढायला हवी, हे कोणाला कळत नव्हतं असं नाही. पण घरावरची माती काढून फेकणं म्हणजे घरातलं काहीतरी फेकणं, असं आमच्याकडे वाटे. त्यामुळे थरावर थर चढत गेले. बाई दोन वर्षं बाबांच्या मागे लागली होती. "बाबा, छताची लाकडी कडी वाकून राह्यली. निजल्यावर मले दिसते." बाबा म्हणत, "माती हाये म्हनून घर हाये." संपलं.

श्रावणात आठ दिवसांची पावसाची झड लागली. आठव्या दिवशी दुपारी माय आणि बाई शेजारच्या घरी बारशाला गेल्या होत्या. मी आणि बाबा गोठ्यात बैलांच्या खुरांना औषध लावत होतो. आवाज झाला तो काही फार मोठा झाला नाही. जड पोतं जमिनीवर टाकावं तसा. आम्ही बाहेर आलो तर तिसरा आणि चौथा खण नव्हता. त्या जागी मातीचा ढीग होता आणि त्यातून छतात घातलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या वर आल्या होत्या. बाई धावत आली. पदर खोचला आणि हातानं माती उकरायला लागली, आणि अंधार पडायच्या आत पेटी बाहेर काढली. झाकण चेपलं होतं. ती ते उघडायला खटपट करत होती आणि बाबा तिच्यावर ओरडत होते की आधी कोठ्या बघ, ज्वारी भिजून राह्यली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुत्तेदार आला. घरं, विहिरी, पूल बांधायची कामं ठेक्यानं घेणाऱ्याला आमच्याकडे गुत्तेदार म्हणतात. हा वाशीमचा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. झडीत कोणाचं काय पडलं याची बातमी त्याला वैद्याच्या आधी लागत असे. डोक्यावर पोतं, हातात सुताचा गुंडा. आल्या आल्या त्यानं चुकचुक केली, बाबांच्या पाठीवर हात ठेवला. बाबा काही पाटील नव्हते, पण ज्याच्या दारात बैलजोडी दिसे त्याला तो पाटील म्हणे.

"पाटील, फिकर करू नका. मी हावो ना. घर उभं करून देतो."

मग त्यानं ढिगाऱ्याभोवती सूत धरलं, जुना पाया शोधला, आणि पडलेल्या दोन्ही खणांच्या कोपऱ्यांत बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. आम्ही बघत उभे होतो. मायच्या डोळ्यांना धार लागली होती. इतक्या विध्वंसात कोणीतरी मापानं काही करतं आहे याचंच तिला बरं वाटलं असावं. आणि आपल्या जमिनीत ठोकलेली खुंटी कोरडी ठेवू नये म्हणून ती आत गेली, करंडा घेऊन आली आणि एकेका खुंटीला हळदकुंकू लावलं. गुत्तेदाराच्या हातावर सुपारी ठेवली. गूळपाणी दिलं. त्यानं सुपारी कपाळाला लावून खिशात टाकली आणि म्हणाला, "दिवाळीनंतर लागू कामाले." पैशाचा शब्द दोन्ही बाजूंनी निघाला नाही. अशा वेळी पैसा काढणं बरं दिसत नाही, असं आम्हाला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असणार, पण वेगळ्या कारणानं.

दसरा झाल्यावर त्यानं खणाचा भाव सांगितला. एका खणाला जेवढे सांगितले तेवढ्यात चांगली बैलजोडी आली असती, वर एखादी दुभती म्हैसही. लाकूड वेगळं. मजुरांचं जेवण वेगळं. बाबा ओट्यावर बसले होते ते तसेच बसून राहिले.

"काहून रे बाप्पा इतके?"

"पाटील, लढाई चालू हाये. पुसदचं सागवान सरकार घेऊन राह्यलं. मजूर रस्त्याच्या कामावर पळून राह्यले. खिळा भेटत नाई. मी काय करू?"

हे सगळं खरं होतं. गुत्तेदार खोटं बोलत नव्हता, हे मला आज कळतं. पण खऱ्या गोष्टी सांगून माणूस लुबाडू शकतो, तेव्हा मला त्याचाच संताप आला. मी नुकताच वाशीमच्या शाळेतून फायनल पास होऊन आलो होतो, आणि फायनल पास झालेल्या माणसाला कोणी फसवू शकत नाही असा माझा समज होता. मी बाबांना म्हटलं, दुसरा बघू. बैल जुंपले आणि मंगरूळला गेलो. दर्ग्याच्या पलीकडे एक नावाजलेला गुत्तेदार राहत होता. म्हातारा होता, बाजेवर बसून हुक्का ओढत होता. सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"खुटीले कुंकू लागलं का?"

मी म्हटलं, लागलं.

"मंग कायले आला इतक्या दूर? ज्याच्या खुटीले कुंकू लागलं, काम त्याचं. आमी एकामेकाच्या खुटीले हात लावत नाई. सुपारी देली ना तुमच्या मायनं? मंग झालं."

त्यानं मला चहा पाजला आणि परत पाठवलं. अजून दोघांकडे गेलो. एकानं तर दारातूनच कुंकवाचं विचारलं. हा गुत्तेदारांमधला जुना करार होता, कागदावर नसलेला, आणि त्यातलं एक अक्षर आम्हाला माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी मायवर ओरडलो. कुंकू लावायला तुला कोणी सांगितलं होतं, म्हटलं. ती रडली. बाई चुलीपाशी होती. चूल तेव्हा माजघरात आणली होती आणि सगळं घर धुरानं भरलेलं असे. ती म्हणाली, "तिले कायले बोलतं? कुंकू नाई लावलं असतं तं तूच बोलला असता." हेही खरं होतं.

कर्ज काढायचं नाही हे बाबांचं ठरलेलं होतं. गावातल्या दोघांचे मळे गेलेले त्यांनी डोळ्यांनी बघितले होते. माझं लग्नही ठरलं होतं, येत्या उन्हाळ्यात. मुलीचा बाप मांडव घालायच्या आधी एकदा घर बघून जाणार होता. त्यामुळे पैसे तेवढेच, आणि घर तर उभं दिसायला हवं. मी चार दिवस डोकं खाजवलं. पाचव्या दिवशी मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी ओट्यावरून उडीच मारली.

भाव ठरला होता तो खणामागे. कुंकू लागलं होतं ते कामाला. पण खण किती, हे कोणी बोललं नव्हतं. दोन खण पडले म्हणून दोनच बांधले पाहिजेत असं थोडंच आहे? एकच बांधायचा. स्वयंपाकाचा. कोठ्या त्यातच एका अंगाला लावायच्या. गुत्तेदाराच्या भावाला हात लावायचा नाही, त्याचा शब्द त्याच्याच गळ्यात घालायचा. अर्धा पैसा वाचतो.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की ते मी कधी विसरलो नाही. शाळेत घातल्याचं चीज झालं असं त्यांना पहिल्यांदा वाटलं असेल. ते मायला हाक मारून म्हणाले, "पाह्य, पोरगं कसा इचार करते." माय म्हणाली, "माहं पोरगं हुशारच हाये." मी फुगलो. बाई तिथंच ज्वारी निवडत होती. भिजलेली ज्वारी वाळवून ती रोज निवडत असे, काळी पडलेली वेगळी काढत असे.

आता मी कबूल करतो. ती कुठे झोपणार हा प्रश्न माझ्या मनात आला होता. माझ्या हुशारीच्या मागोमागच आला. मी त्याला म्हटलं, नंतर बघू. माजघराच्या एका कोपऱ्याला आडोसा करून मला आणि येणाऱ्या बायकोला जागा द्यायची हे ठरलं होतं. बैठकीत बाबा. स्वयंपाकाच्या खणात कोठ्या आणि माय. इतका हिशेब ज्याला जमला त्याला पाचवं माणूस मोजता आलं नसतं असं नाही. मी मोजलं नाही.

गुत्तेदार दिवाळीनंतर आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्यानं खुंट्यांकडे एकदा बघितलं. मग हसला. राग त्याला आला नाही, आणि त्यामुळे माझी जिंकण्याची मजा अर्धी गेली.

"ठीक हाये. एक खन तं एक खन. पन त्या दोन खुट्या काढून द्या मले. मी काढत नाई. कुंकवाची खुटी मी काढली तं माह्या धंद्याले लागते."

चौथ्या खणाच्या शेवटच्या दोन खुंट्या. कुंकू पावसानं धुऊन गेलं होतं, पण ते लागलं होतं एवढं पुरे होतं; उपटील त्याला दोष लागणारच होता. बाबा म्हणाले, "मी घरधनी, मी कसा काढू?" माझं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून मी नाही. मायनं तर स्वतःच्या हातानं कुंकू लावलेलं. घरचा गडी म्हणाला, मले लेकरंबाळं हायेत. सगळे एकमेकांकडे बघत होतो. मग मायनं मागे वळून बाईला हाक मारली.

"तूच काढ वं बाई. तुले काय लागनार हाये आता?"

ती असं मुद्दाम दुखवायला बोलली नाही. तिच्या लेखी ते साधं खरं होतं, आणि आम्ही सगळ्यांनीही ते तसंच धरलं. मलाही सुटल्यासारखं झालं. बाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि आली. पहिली खुंटी सहज निघाली. दुसरी अडकली होती. ती खाली बसली, दोन्ही हातांनी हलवू लागली. आम्ही पाचजण उभे राहून बघत होतो. कोणी पुढे झालं नाही. शेवटी खुंटी निघाली. तिनं ती भोकं पायानं माती लोटून बुजवली, हात झटकले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आनि मी कुठी निजू, बाबू?"

मी म्हटलं, "पाहू." बाबा म्हणाले, "पाहू काहीतरी." गुत्तेदार सूत गुंडाळत होता.

काम सुरू झालं. मजूर कमी म्हणून गुत्तेदारानं सांगितलं होतं की चिखल आणि पाणी घरच्यांनी द्यावं, तेवढे पैसे कमी करतो. गढीवरची माती मी आणि गडी गाडीनं आणत होतो. चिखल तुडवायला बाई. मातीच्या भिंतीचं सगळं बळ चिखलात असतं. पाणी, माती आणि गव्हाचा भुसा एकत्र करून तो पायानं इतका तुडवावा लागतो की गोळा हातातून सुटला तरी फुटू नये. बाई सकाळी भाकऱ्या टाकून चिखलात उतरे ती दुपारपर्यंत. गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली. पौषातल्या थंडीत पायाला भेगा पडल्या, त्यांत खारी माती जाई. संध्याकाळी ती तेल लावून चुलीपुढे पाय शेकत बसे आणि मी ते बघून म्हणे, मजूर लावला असता तर किती लागले असते. कौतुकानं म्हणे. मला खरंच वाटे की हे कौतुक आहे.

गुत्तेदार मात्र बघत होता. त्याचं काम माणसांकडून काम करून घेण्याचं, त्यामुळे कोण किती करतं हे त्याला पाठ होई. भिंत छातीएवढी आल्यावर एक दिवस तो बाबांजवळ बसला. मी बाजूला छताची लाकडी कडी तासत होतो. बाई दहा हातांवर चिखलात.

"पाटील, एक गोठ बोलू? बाईनं दोन मजुराचं काम केलं. ते काई माह्या करारात नव्हतं. चिखल मी भितीपुरता सांगतला होता, तिनं गिलाव्याचाबी करून देला. तिची मजुरी माह्याकडे निघते. पैशे नका घेऊ. त्या मजुरीत मी चौथा खन टाकून देतो. लाकूड तुमचंच, ढिगाऱ्यातलं. दोन तुळया चांगल्या हायेत, मी पाह्यल्या. लहान का होईना, खन होईन. बाईले जागा होईन."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आता घरातल्या मोठ्या गोष्टी माझ्याकडे बघून ठरू लागल्या होत्या. मी कडी तासायचा थांबलो.

मला दोन गोष्टी वाटल्या, आणि दोन्ही एकाच वेळी. एक, की हा पुन्हा काहीतरी अडकवतो आहे. खण वाढला की भाव वाढेल, शेवटी हा हसेल. दुसरी अशी की ह्यानं आमच्या घरच्या बाईला मजूर म्हटलं. आम्ही शेतवाले. आमच्याकडे मजूर येत. आमची बाई स्वतःच्या घरची माती तुडवते ते घरकाम. तिची मजुरी निघते असं म्हटलं की ती गुत्तेदाराच्या हाताखालची रोजंदार झाली. माझ्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना कोणी सांगितलं असतं, हा खण पोरीच्या मजुरीचा आहे, तर?

मी म्हटलं, "आमच्या घरची बाई कोणाची मजुरी घेत नाई."

मी हे मोठ्यानं म्हटलं. तिला अभिमान वाटावा म्हणून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गुत्तेदार म्हणाला, "तिले एकडाव पुसा तं." मी म्हटलं, "तिले काय पुसायचं त्याच्यात?" बाबा मान हलवून म्हणाले, "पोरगं बरोबर म्हनते." गुत्तेदार उठला. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. बाई तुडवत होती. क्षणभर तिचे पाय थांबले असं मला वाटलं, पण मग पुन्हा चालू झाले, आणि मी पुन्हा कडी तासायला लागलो.

माणसाच्या हातून वाईट घडतं ते बहुतेक वेळा रागात किंवा लोभात घडतं, असं मी ऐकत आलो. माझ्या हातून हे घडलं तेव्हा मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. घराची इज्जत राखल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी मी जेवताना एक भाकर जास्त खाल्ली, आणि ती तिनंच वाढली.

फाल्गुनात तिसरा खण पूर्ण झाला. मुलीचा बाप आला, वर बघितलं, तीन मोजले, मान डोलावली. चौथ्याच्या जागी जमीन सारवून तुळस लावली होती. लग्न झालं. बायको आली. बाईची पेटी गोठ्यात गेली, बैलांच्या गव्हाणीपलीकडे, जिथं कडबा ठेवत. या पावसाळ्यापुरती, असं सगळे म्हणाले. मीच पेटी उचलून नेली. तिथं दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता.

पुढचा पावसाळा आला आणि गेला. लढाई संपली. भाव मात्र उतरले नाहीत. गुत्तेदाराचा खण आणखी महाग झाला. दर दिवाळीनंतर मी म्हणे, यंदा तुझा खण टाकू. एका वर्षी बैल मेला. एका वर्षी मुलगा झाला आणि बायको दोन महिने आजारी पडली. ती कारणं खरी होती. आमच्याकडे सगळी कारणं खरीच असत. बाबा गेले, त्यांच्या दिवसांना खर्च झाला. बाई गोठ्यातून पहाटे येई, चूल पेटवी, दिवसभर घरात वावरे, माझ्या मुलाला पाठीवर घेऊन फिरे. जेवण झालं की भांडी घासून तिकडे जाई. माझी बायको भली होती. एकदा तिनं मला विचारलं, "बाई तिकडे काहून निजतात?" मी म्हटलं, तिले आवडते. इतक्या वर्षांत मी किती खोटं बोललो ते मला आठवत नाही, पण हे आठवतं.

मग एका वर्षी कापूस चांगला झाला आणि भावही आला. मी पहिल्यांदा घासाघीस केली नाही. वाशीमला गेलो आणि त्याच गुत्तेदाराला सांगितलं, जे मागशील ते देतो, चौथा खण टाक. तो म्हातारा झाला होता. त्यानं भाव सांगितला, पहिल्या वेळच्या दुप्पट. मी हो म्हटलं. यात काही विशेष नव्हतं. आता माझ्याकडे होते म्हणून दिले. तेव्हा एक हो म्हणायला एक पैसाही लागत नव्हता.

खण झाला. मी स्वतः उभा राहून करून घेतला. झरोका ठेवला. भिंतीत दिवळी ठेवली. सुताराकडून आतून कडी करून घेतली, लोखंडी, तेल घातलेली. छतावर माती बेताची टाकली. बायकोनं जमीन सारवली, रांगोळी घातली. सगळं झाल्यावर चैत्रातल्या एका सकाळी मी गोठ्यात गेलो. बाई कडब्याच्या पेंढ्या मोकळ्या करत होती. केस पुढून पांढरे झाले होते. तेव्हा तिला पस्तिशीही नव्हती.

मी म्हटलं, "बाई, तुहा खन झाला. चाल." आणि वाकून तिची पेटी उचलली.

ती आली. पेटी घेऊन मी मागे, ती पुढे. नव्या खणाच्या दारात उभी राहिली, आत बघितलं. कडी बघितली. हातानं एकदा पुढे सरकवली, मागे ओढली. भिंतीला हात लावून बघितला, चिखल कसा आहे ते. मला वाटलं आता रडेल. मी रडायच्या बेतात होतो.

"लय चांगला झाला," ती म्हणाली. "बायकोले दे. तिले दिवस गेले हायेत, तुले सांगतलं नाई का तिनं? आडोशाले दोन लेकरं मावनार नाईत."

"हा तुह्यासाठी बांधला."

"हो. समजलं मले."

"मंग?"

ती वळली आणि गोठ्याकडे चालायला लागली. मी पेटी घेऊन तिच्या मागे गेलो. गव्हाणीपाशी पोचल्यावर ती थांबली. माझ्यावर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. मुलाला समजावताना बोले तशीच हळू बोलली.

"मी इथं बरी हाये, बाबू. इथून मले कोनी ऊठ म्हनत नाई."

मी पेटी होती तिथं ठेवली. बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली होती, ती बादली घेऊन विहिरीवर गेली.